यंत्र आणि वचन : स्मार्टफोन निवडताना

आमच्या आळीत एक सेवानिवृत्त मास्तर राहतात. त्यांचा फोन आठ वर्षांचा, पण मोठा टापटीप. काचेवर ओरखडा नाही, बॅटरी मध्यंतरी एकदा बदललेली, आवाज खणखणीत. एके दिवशी सकाळी पेन्शन जमा झाली की नाही हे पाहायला ते बसले, तो बँकेचे ॲप उघडेना. तुमच्या फोनची प्रणाली फार जुनी आहे, नव्या आवृत्तीवर जा, अशा दोन ओळी पडद्यावर आल्या. नवी आवृत्ती कोठे मिळते म्हणून त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन पाहिले, तर फोन म्हणे, आपली प्रणाली अद्ययावत आहे. बँक म्हणते जुनी, फोन म्हणतो अद्ययावत. मौज अशी की दोन्ही विधाने खरी होती. कंपनीने त्या फोनासाठी शेवटची जी आवृत्ती काढली, ती त्यात होती. तिच्यापुढे काही निघालेलेच नव्हते. मास्तर आमच्याकडे आले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला, "अहो, फोन बिघडलेला नाही, मग तो गेला कसा?"

या प्रश्नाचे उत्तर जरा लांबचे आहे, आणि नवा फोन घेणाऱ्या प्रत्येकाने ते पैसे मोजण्यापूर्वी ऐकावे असे आम्हांला वाटते.

दुकानात शिरले की काउंटरवरचा मुलगा आकडे म्हणू लागतो. कॅमेरा इतक्या मेगापिक्सेलचा, रॅम इतक्या जीबीची, बॅटरी इतक्या हजारांची. या आकड्यांत खोटे काही नसते. पण ते सर्व आजचे आकडे आहेत. पेटी उघडली त्या क्षणी आत जे आहे त्याचे. सॉफ्टवेअरची गोष्ट निराळी. ते खरेदीनंतरही कंपनीकडून येत राहते, किंवा एक दिवस येईनासे होते, आणि ते किती वर्षे येणार हे पेटीवर क्वचितच ठळक छापलेले असते. म्हणजे फोन घेताना आपण वस्तुतः दोन गोष्टी विकत घेतो. एक यंत्र आणि एक वचन. यंत्र हातात घेऊन उलटसुलट करून पाहता येते. वचनाची मात्र चौकशीच करावी लागते.

अपडेट या एकाच शब्दाखाली दोन वेगळी कामे चालतात, ती आधी वेगळी करू. एक म्हणजे नवी आवृत्ती. ती बहुधा वर्षातून एकदा येते आणि फोनला नवी रीत, नव्या सोयी देते. मराठी वाचकाला याचा एक अनुभव आठवत असेल. जुन्या अँड्रॉइड फोनांवर मराठी मजकुराच्या जागी रिकामे चौकोन दिसत. देवनागरी नीट उमटू लागली ती पुढच्या आवृत्त्यांबरोबर. दुसरे काम सुरक्षेचे. प्रणालीत कोठे भोक सापडले की ते बुजवण्यासाठी ठिगळ पाठवायचे. यात नवीन काहीच दिसत नाही, म्हणून लोक ते उद्यावर ढकलतात. आमच्या मते दोहोंत महत्त्वाचे हे दुसरेच.

ते का, हे २०१५ साली जगाला कळले. अँड्रॉइडमध्ये चित्रफिती उलगडून दाखवणारा एक भाग आहे, त्याचे नाव स्टेजफ्राइट. त्यात दोष असल्याचे त्या वर्षी जुलैत उघड झाले. मुद्दाम घडवलेली एखादी चित्रफीत एमएमएस संदेशातून पाठवली, तर मालकाने तो संदेश उघडण्यापूर्वीच परक्याचा हुकूम त्याच्या फोनवर चालू शकत होता. मालकाने काही चूक करण्याची गरजच नव्हती. त्याचा क्रमांक ठाऊक असला की पुरे. २.२ पासून पुढची अँड्रॉइड आवृत्ती ज्या ज्या फोनात होती, ते सगळे फोन या दोषाच्या टप्प्यात येत होते. गुगलने दुरुस्ती केली, आणि त्याच ऑगस्टपासून दर महिन्याला सुरक्षा-पत्रक काढण्याची प्रथा सुरू केली. पण गुगलने दुरुस्ती करणे निराळे आणि ती आपल्या खिशातल्या फोनापर्यंत पोचणे निराळे. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दोष जाहीर झाला की ते पत्रक दोन तऱ्हेचे लोक वाचतात, भोक बुजवणारे आणि त्या भोकातून आत शिरू पाहणारे. ज्या फोनाला दुरुस्ती मिळते त्याचा दोष जाहीर होताच संपतो. ज्याला मिळत नाही त्याचा दोष जाहीर होऊन तसाच उघडा राहतो, आणि महिन्यागणिक अशा दोषांची यादी वाढत जाते. अपडेट थांबल्याच्या दुसऱ्या दिवशी चोर घरात येतो असे मुळीच नाही. पण २०१६ साली यूपीआय आल्यापासून आपला फोन हा आपला बटवा झाला आहे, आणि बटव्याची शिवण उसवलेली असली तर मनुष्य गर्दीत जाताना विचार करतो.

आता यंत्र मोठे की वचन मोठे, या वादाचा एक जुना पण स्वच्छ दाखला सांगतो. तो स्वच्छ अशासाठी की त्यातले दोन्ही फोन जवळजवळ एकाच हाडाचे होते.

२०१० च्या जूनमध्ये सॅमसंगने गॅलक्सी एस हा फोन आणला. चार इंची झगझगीत पडदा, एक गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम. त्याच वर्षी डिसेंबरात गुगलने आपला नेक्सस एस आणला, आणि तो घडवला सॅमसंगनेच. प्रोसेसर तोच, रॅम तेवढीच, पडदा तेवढाच. यंत्राच्या तागडीत पाहिले तर गॅलक्सी एस थोडा जडच भरे. त्यात मेमरी कार्ड घालण्याची खाच होती, नेक्ससमध्ये नव्हती. त्याचा कॅमेरा ७२० पी दर्जाची चित्रफीत घेई, नेक्ससचा त्याहून खालच्या दर्जाची. नेक्ससकडे जवळ धरून संदेश देणारी एनएफसीची सोय होती खरी, पण तेव्हा तिचा उपयोग तरी कोणाला होता? शहाणा गिऱ्हाईक आकडे ताडून पाहता तर गॅलक्सी एस घेता, आणि पुष्कळांनी तोच घेतला. त्यांना दोष देता येणार नाही.

वर्ष उलटले. २०११ च्या डिसेंबरात नेक्सस एसला अँड्रॉइड ४.० मिळू लागले. त्याच महिन्यात सॅमसंगने सांगितले की गॅलक्सी एसला ते मिळणार नाही. कारण असे दिले की, आमचा स्वतःचा टचविझ हा साज आणि बरोबरची इतर सॉफ्टवेअरे चढवल्यावर ४.० साठी रॅम आणि जागा पुरत नाही. हे कारण नीट वाचावे. ४.० साठी यंत्र अपुरे होते असे नव्हे. तेच यंत्र नेक्ससच्या पोटात ४.० चालवीत होते. कंपनीने त्यावर जो साज चढवला होता, त्याचे ओझे काढून ठेवायला ती तयार नव्हती. पुढे हौशी जाणकारांनी स्वतः खटपट करून गॅलक्सी एसवर ४.० चालवूनही दाखवले. पण कंपनीकडून तो फोन अखेरपर्यंत २.३ च्या पुढे गेला नाही. नेक्सस एस ४.१ पर्यंत पोचला.

दोन फोनांतला हा फरक तेव्हा हौशी मंडळींचा चर्चेचा विषय वाटे. त्याची खरी किंमत नंतर दिसली. व्हॉट्सॲपने २.३ च्या आवृत्तीचा आधार १ फेब्रुवारी २०२० रोजी काढून घेतला. ४.१ चा आधार निघाला तो २४ ऑक्टोबर २०२३ रोजी. म्हणजे एकाच कारखान्यातून, एकाच वर्षी, एकाच प्रोसेसरवर उभे राहिलेले दोन फोन; त्यांपैकी एकावर नातवाचा फोटो आणखी पावणेचार वर्षे येऊ शकत होता. मेमरी कार्डाच्या खाचेने हे काम केले नसते.

इतके ऐकून कोणी म्हणेल, तर मग यंत्राकडे पाहायलाच नको, अपडेट देणारी कंपनी धरावी म्हणजे झाले. तसेही नाही. उलट बाजूचा दाखला ॲपलच्या आयफोन ३जी चा. हा फोन २००८ साली निघाला, त्याच वर्षी ऑगस्टात आपल्याकडेही आला. २०१० च्या जूनमध्ये ॲपलने त्याला आयओएस ४ ही नवी प्रणाली दिली. वचन पाळले म्हणावे तर पाळले. पण त्या फोनात रॅम होती १२८ एमबी. एका वेळी अनेक ॲपे चालवण्याची जी त्या आवृत्तीची मुख्य सोय, ती या फोनाला दिलीच नव्हती; आणि नव्या प्रणालीचा भार मात्र पडला. बटण दाबावे आणि वाट पाहावी अशी अवस्था झाली. सप्टेंबरात ४.१ काढून ॲपलने ती काहीशी सुधारली. मागे परतण्याची वाट कंपनीने ठेवलेली नव्हती. गॅलक्सी एसच्या मालकाला मिळाले नाही म्हणून दुःख, आयफोन ३जी च्या मालकाला मिळाले म्हणून दुःख! वचन पेलायला यंत्रात राखीव बळ लागते, ते असे.

हल्लीचा याचाच एक सौम्य प्रकार पाहा. २०२४ साली ॲपलने आयओएस १८ बरोबर आपली नवी कृत्रिम बुद्धीची साधने आणली. २०२३ चा आयफोन १५ आणि त्याच वर्षीचा आयफोन १५ प्रो, दोघांनाही आयओएस १८ मिळाले. पण ती साधने प्रोलाच मिळाली, कारण त्यात आठ जीबी रॅम होती आणि साध्या १५ मध्ये सहा. तेव्हा 'अपडेट मिळेल' एवढे ऐकून भागत नाही. त्या अपडेटमधले आपल्या फोनला काय मिळेल हेही यंत्रावर अवलंबून असते. ती साधने आम्हांला अजून फारशी लागलेली नाहीत, हा भाग वेगळा.

मग मास्तरांच्या फोनासारखे फोन मधेच का सोडले जातात? लोक समजतात कंपनी लबाड म्हणून. लबाडी नसतेच असे आम्ही म्हणत नाही. नवा फोन विकला जावा यात कंपनीचा लाभ आहे हे उघड आहे. पण साखळी लांब आहे, हेही खरे. गुगल अँड्रॉइडची मूळ प्रत प्रसिद्ध करते. ती जशीच्या तशी कोणत्याही फोनवर चालत नाही. फोनच्या हृदयात जी चिप असते ती क्वालकॉम, मीडियाटेक अशा कंपन्यांची. त्या चिपला नव्या प्रणालीशी बोलायला लावणारे दुभाषी सॉफ्टवेअर त्या चिप कंपनीनेच लिहून द्यावे लागते. त्यानंतर फोन कंपनी त्यावर आपला साज चढवते, कॅमेरा, बोटाचा ठसा, कॉल हे सारे तपासते, आणि मग ते आपल्यापर्यंत येते. चिप कंपनीने दुभाषी देणे बंद केले की फोन कंपनीचे हात बांधले गेले.

हात बांधल्यावरही चालता येते का, हे ॲमस्टरडॅमच्या फेअरफोन या लहानशा कंपनीने करून पाहिले. त्यांचा फेअरफोन २ हा २०१५ चा, स्नॅपड्रॅगन ८०१ या चिपवरचा. क्वालकॉमने अँड्रॉइड ७ साठी या चिपला आधार द्यायचे नाकारले. बड्या कंपन्यांनी अशा वेळी फोन सोडून दिले असते. फेअरफोनच्या लोकांनी दुभाष्याचे काम स्वतः केले आणि २०१८ च्या नोव्हेंबरात अँड्रॉइड ७ आणले. तोवर जगात ९ आलेले होते. पुढे २०२१ मध्ये त्यांनी ९ आणले, मग १०, आणि २०२३ च्या मार्चमध्ये, सात वर्षांवर काळ गेल्यावर, या फोनाचा आधार थांबवला. लहान कंपनीला जे जमले ते मोठ्यांना का जमू नये, असा प्रश्न यातून उभा राहतोच. पण या गोष्टीत उशीरही आहे, तो विसरू नये. ७ यायला दोन वर्षे लागली. फेअरफोनने धडा घेतला तो असा, की २०२३ च्या फेअरफोन ५ साठी त्यांनी फोनसाठीची नेहमीची चिप न घेता कारखान्यांतल्या यंत्रांसाठी असलेली चिप घेतली, कारण तिला आधार अधिक वर्षे मिळतो. वचन देता यावे म्हणून यंत्र निवडले!

साखळी सैल करण्याचे प्रयत्न इतरांनीही केले. २०१७ साली अँड्रॉइड ८ बरोबर गुगलने चिपचा भाग आणि प्रणालीचा भाग यांच्यामध्ये एक ठरीव भिंत घातली, जेणेकरून वरचा मजला बदलताना पाया उकरावा लागू नये. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून प्रणालीचे काही तुकडे प्ले स्टोअरच्या वाटेनेच परस्पर दुरुस्त होऊ लागले. २०२५ च्या फेब्रुवारीत क्वालकॉम आणि गुगल यांनी नव्या चिपांना आठ वर्षांपर्यंत आधार देण्याची व्यवस्था जाहीर केली. या सगळ्याचे फळ म्हणजे आज ऐकू येणारी मोठमोठी वचने. गुगलने ऑक्टोबर २०२३ च्या पिक्सेल ८ ला सात वर्षांचे वचन दिले, सॅमसंगने जानेवारी २०२४ च्या गॅलक्सी एस २४ ला तेवढेच. मध्यम किमतीत गॅलक्सी ए १६ ५जी ला सहा वर्षांचे आहे. २०१० साली दोन वर्षे मिळाली तरी लोक भाग्य मानीत, हे आठवले म्हणजे पालट केवढा हे कळते.

येथे गिऱ्हाइकाने हिशेबाची एक खोच ओळखावी. ही वर्षे मोजायची ती आपण फोन घेतला त्या दिवसापासून नव्हे, तो नमुना बाजारात पहिल्यांदा आला त्या दिवसापासून. पिक्सेल ८ चे वचन ऑक्टोबर २०३० ला संपते, मग तुम्ही तो कधीही घ्या. दिवाळीच्या सेलमध्ये दोन वर्षांपूर्वीचा फोन स्वस्त मिळतो तेव्हा त्या स्वस्ताईत दोन वर्षांचे वचन आधीच खर्च झालेले असते. ते वजा करूनही सौदा चांगला असू शकतो. पण वजाबाकी केलेली बरी.

दुसरी खोच वचन आणि वहिवाट यांच्यातली. ॲपलने वर्षानुवर्षे असे वचन दिलेले नव्हते, पण त्याची वहिवाट लांबची आहे. २०१८ च्या आयफोन एक्सएस ला २०२४ च्या आयओएस १८ पर्यंत सर्व आवृत्त्या मिळाल्या, आणि २०२५ च्या आयओएस २६ ने तो सोडला. २०१३ चा आयफोन ५एस २०१८ नंतर नव्या आवृत्तीला मुकला, तरी सुरक्षेची दुरुस्ती त्याला २०२३ च्या जानेवारीतही मिळाली. कागदावर मात्र ॲपलने, ब्रिटनच्या कायद्यामुळे लिहून द्यावे लागले तेव्हा, किमान पाच वर्षे एवढेच लिहिले. उलट गुगल आणि सॅमसंग यांनी सात लिहिली, पण ती सात पुरी झालेला फोन दाखवायला २०३० उजाडावे लागेल. कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा? आम्ही लेखी वचनाला मान देतो, पण वहिवाट पाहिल्याशिवाय त्यावर सगळा भार टाकत नाही. आणि जेथे दोहोंपैकी एकही नाही, तेथे कॅमेऱ्याला कितीही डोळे असोत, आम्ही पाय मागे घेतो.

ब्रिटनचा तो कायदा २९ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. तो अमुक वर्षे द्या असे सांगतच नाही. किती देणार ते जाहीर करा, इतकेच सांगतो. युरोपीय संघ त्याहून पुढे गेला. २० जून २०२५ पासून तेथे लागू असलेल्या नियमांत अपडेटची पाच वर्षे मोजायची ती त्या नमुन्याचा शेवटचा नग बाजारात ठेवल्यापासून. उशिरा घेणाऱ्या गरीब गिऱ्हाइकाचा विचार या एका कलमात आहे. त्याच नियमांत बॅटरीने ८०० फेरे सोसूनही मूळच्या ८० टक्के शक्ती राखली पाहिजे असे म्हटले आहे.

हा बॅटरीचा मुद्दा आपल्याला पुन्हा यंत्राकडे आणतो. रोज एक पुरा फेरा धरला तर ८०० फेरे दोन वर्षे आणि वर दोन-अडीच महिन्यांत होतात. सात वर्षांच्या वचनात असे अडीच हजारांवर फेरे भरतील. म्हणजे वचनाच्या मुदतीत एकदा, कदाचित दोनदा, बॅटरी बदलणे आले. तेव्हा फोन घेतानाच, ही बॅटरी आपल्या गावात कोण बदलून देतो आणि अस्सल मिळते का, हे विचारून ठेवावे. सात वर्षांचे सॉफ्टवेअर दुपारीच मान टाकणाऱ्या फोनवर काय कामाचे?

अपडेट जे कधीच देऊ शकत नाही, त्यात सर्वांत मोठी गोष्ट रेडिओची. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आले ते केवळ ४जी घेऊन. ज्याच्या फोनात ४जी चा रेडिओ नव्हता त्याला कोणतेही सॉफ्टवेअर त्या जाळ्यात नेऊ शकत नव्हते. याच्या उलट गंमत १ ऑक्टोबर २०२२ ला आपल्या देशात ५जी सुरू झाले तेव्हा घडली. कित्येकांच्या फोनात ५जी चा रेडिओ दोन दोन वर्षे नुसता बसून होता. २०२० च्या आयफोन १२ पासून ॲपलच्या फोनांत तो होताच. आता तरी चालू होईल म्हणून लोकांनी पाहिले, तर नाही. कंपनीने अपडेट पाठवल्याशिवाय तो रेडिओ भारतातल्या जाळ्याला हाक देईना. आयफोनांना ते १३ डिसेंबर २०२२ च्या सुमारास आयओएस १६.२ बरोबर मिळाले, इतर कंपन्यांनी आपापल्या सवडीने दिले. पैसे यंत्राचे मोजले होते, पण कुलपाची किल्ली वचनाकडे होती. शिवाय आरंभी जिओचे ५जी एका पद्धतीचे आणि एअरटेलचे दुसऱ्या, शिवाय जिओला ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा अधिक. तेव्हा पेटीवर '५जी' हे अक्षर पाहून भागत नव्हते, कोणकोणते पट्टे चालतात ती बारीक अक्षरे वाचावी लागत.

अपडेट म्हणजे दरवेळी मेवाच, असेही कोणी समजू नये. २०१८ साली इटलीच्या स्पर्धा-नियामकाने सॅमसंग आणि ॲपल या दोघांनाही दंड केला. सॅमसंगला अशासाठी की जुन्या गॅलक्सी नोट ४ च्या मालकांना न पेलणारी नवी प्रणाली घ्यायला लावली आणि फोन बिघडल्यावर दुरुस्तीचे पैसे मागितले. २०२५ च्या जानेवारीत गुगलने २०२० च्या पिक्सेल ४ए ला एक अपडेट पाठवले, त्याने काही फोनांच्या बॅटरीची धारण-शक्तीच कमी केली. बॅटरीच्या स्थैर्यासाठी हे केले असे सांगण्यात आले, आणि भरपाईचे काही पर्यायही दिले. परंतु मालकाच्या हातचा फोन रात्रीत लहान झाला तो झालाच. म्हणून मोठी आवृत्ती आली की आम्ही दोन-तीन आठवडे थांबतो, इतरांचे काय होते ते पाहतो. सुरक्षेचे मासिक ठिगळ मात्र आले त्याच दिवशी लावतो.

आता निवड कशी करावी? आमची रीत सांगतो. ती सर्वांना लागू पडेल असा आग्रह नाही. ज्याला फोन दोन वर्षांत बदलायचाच आहे त्याने खुशाल यंत्र पाहावे, त्याला वचनाची फारशी गरज नाही. पण आपल्यापैकी बहुतेकांचा फोन घरात झिरपत जातो. मुलाकडून आईकडे, आईकडून कामाला येणाऱ्या मावशींकडे. शेवटच्या हातात तो पोचतो तेव्हा त्यावर यूपीआय चालत असते आणि अपडेट थांबलेले असते. हा सगळा प्रवास मनात धरून आम्ही आधी अखेरचे साल विचारतो. त्या सालापर्यंत यंत्राला दम राहील का, हे दुसरे. आणि येथे रॅम व साठवण यांत आजच्या गरजेहून एक पायरी वर जातो, कारण या दोन गोष्टी मागाहून घालता येत नाहीत. रेडिओचे पट्टे तिसरे. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल शेवटी, आणि दुकानदाराचा आवाज त्याबद्दल सर्वांत मोठा असतो. हातात आधीच असलेल्या फोनचे वय पाहायचे तर सेटिंगमध्ये फोनच्या माहितीत सुरक्षा अपडेटची तारीख असते. ती दोन-तीन महिन्यांची असेल तर ठीक. दोन वर्षांपूर्वीची असेल, तर पैशांचे व्यवहार त्या फोनवरून हलवावेत. फोन टाकून द्यायची गरज नाही.

मास्तरांबरोबर आम्ही दुकानात गेलो. मुलाने नेहमीप्रमाणे कॅमेऱ्यापासून सुरुवात केली. मास्तरांनी त्याचे बोलणे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "हा नमुना पहिल्यांदा कधी आला, बाळ? आणि याला सुरक्षेचे अपडेट कोणत्या सालापर्यंत?" मुलगा थांबला. "काका, हे आजवर कोणी विचारलंच नाही," म्हणाला, आणि आपल्या फोनवर शोधू लागला. तीन फोनांची साले त्याने काढून दिली. मास्तरांनी ती खिशातल्या डायरीत लिहून घेतली, किमतीला उरलेल्या वर्षांनी भागले, आणि मधल्या किमतीचा फोन घेतला. जुना फोन आता त्यांच्या देवघराजवळच्या फडताळावर असतो. सिम नाही, बँक नाही. पहाटे त्यावर भजने लागतात, आणि आवाज अजून खणखणीत आहे.